आमच्या नकाशावरची लाल रेघ

आजचा भाग थोडा माझ्या कॉलेजचा आहे आणि थोडा मुंबईच्या जे. जे.चा. दोन्हींत एक टेप आहे, मोजायची.

मी आर्किटेक्चर शिकलो ते एका छोट्या कॉलेजात. वर्गात ४० जण, स्टुडिओ म्हणजे एक लांबलचक हॉल, लायब्ररी दोन कपाटांची. दुसऱ्या वर्षी 'मेझर्ड ड्रॉइंग' असायचं. म्हणजे एखादी जुनी इमारत इंच न् इंच मोजायची आणि कागदावर उतरवायची. आम्हा सहा जणांच्या वाट्याला वाईचा एक वाडा आला.

दिंडी दरवाज्यातच आजींनी अडवलं. "बिल्डरची माणसं का रे तुम्ही?"

"नाही आजी, कॉलेजची."

"मग मोजताय कशाला?"

तेव्हा आम्ही नुसतेच हसलो. खरं उत्तर मला बरंच नंतर सापडलं.

मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ साली सुरू झालं. तिथे १८९६ मध्ये ड्राफ्ट्समनचा वर्ग निघाला. डिझाइन साहेबाचं, नकाशे काढणारे हात इथले, असा सगळा हिशेब. १९१३ मध्ये रॉबर्ट केबल यांच्या हाताखाली आर्किटेक्चरचा पूर्ण वेळ अभ्यासक्रम आला आणि १९२३ पासून वीस वर्षं क्लॉड बॅटली प्रमुख होते. (पेरिन मिस्त्री त्यांच्याच काळात, १९३६ ला पास झाल्या. आमच्या वर्गात मुली निम्म्याहून जास्त होत्या, तेव्हा हे नाव लक्षात ठेवाच.) बॅटली इंग्रज, पण मुलांना मोजायला लावायचे ते इथल्या जुन्या इमारती. त्यांचं १९३४ चं 'द डिझाइन डेव्हलपमेंट ऑफ इंडियन आर्किटेक्चर' हे पुस्तक अशा मोजून काढलेल्या नकाशांवरच उभं आहे. नक्कल करणाऱ्या हातांसाठी निघालेल्या वर्गात पोरं आपल्याकडच्या इमारतींकडे बघायला शिकली, हे मला फार भारी वाटतं.

आमचंही तेच झालं. चौक आम्ही बिनधास्त काटकोनात काढला होता. कर्ण मोजले, तर एक दुसऱ्यापेक्षा ७ इंचांनी मोठा! सगळं पुन्हा मोजलं. मग कळलं की जुने सुतार फुटात नाही, खणात बोलायचे. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण. ते समजल्यावर ओसरी, सोपा, माजघर सगळं भराभर उलगडत गेलं. तिसऱ्या दिवशी आजी स्वतःच बॅटरी घेऊन बळद दाखवायला आल्या.

निघताना नकाशाची एक प्रत आम्ही त्यांना दिली. त्या घरात वाड्याचा नीट नकाशा पहिल्यांदाच आला होता.

चौथ्या वर्षात सहज गेलो, तर चौकाच्या मधोमध विटांची भिंत. भावाभावांत वाटणी झाली होती. धाकट्याने आतून आमचाच नकाशा आणला. त्यावर लाल पेनाची रेघ.

"तुमच्यामुळे वकिलाचं काम सोपं झालं बघा," तो कौतुकाने म्हणाला. ते ७ इंचसुद्धा त्यांनी हिशेबात धरले होते.

आजींनी चहा केला. त्या धाकट्याकडे राहतात, आणि तुळशीवृंदावन थोरल्याच्या बाजूला गेलंय. रोज सकाळी तांब्या घेऊन त्या दिंडीतून बाहेर पडतात आणि रस्त्याने वळसा घालून पलीकडे पाणी घालायला जातात.