दुनळी रेग्युलेटर

पाठीवरच्या टाकीतील दाबलेली हवा, पाणबुड्या श्वास ओढेल तेव्हाच आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाने त्याला पुरवणारे जुन्या घडणीचे यंत्र. फ्रान्समध्ये १९४३ साली झाक कुस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी ते सिद्ध केले. दुसऱ्या महायुद्धातील पेट्रोलटंचाईत मोटारी गॅसवर चालवण्यासाठी गान्यां यांनी बनवलेली झडप त्याच्या मुळाशी होती.

समुद्रात दर १० मीटरला दाब सुमारे एक वातावरण वाढतो. छातीवर एवढा भार असताना पृष्ठभागावरची हवा नळीने ओढणे फुफ्फुसांच्या आवाक्याबाहेरचे असते. टाकीतला शंभराहून अधिक वातावरणांचा दाब थेट तोंडात आला तर फुफ्फुसे फाटतील. हा पेच एका रबरी पडद्याने सोडवला. मानेमागे, टाकीच्या तोंडावर बसणाऱ्या गोल धातूच्या डबीत तो असतो. त्याच्या एका अंगाला छिद्रांतून पाणी शिरते, दुसरे अंग कोरडे राहते. श्वास ओढताच कोरड्या बाजूचा दाब किंचित उतरतो, पाणी पडद्याला आत रेटते, पडदा तरफ दाबतो आणि झडप उघडते. ओढ थांबली की दाब सारखा होऊन झडप मिटते. खोली वाढली तरी पाणबुड्याला काही फिरवावे लागत नाही.

उजवीकडच्या नळीने हवा तोंडाशी येते, डावीकडच्या नळीने उच्छ्वास परत डबीत जातो आणि बदकाच्या चोचीसारख्या चपट्या रबरी झडपेतून बाहेर पडतो. या झडपेची जागा फार मोलाची. मार्न नदीतील पहिल्या चाचणीत कुस्तो उभे राहिले की हवा वाया जाई, डोके खाली केले की श्वास कोंडे. कारण उच्छ्वासाचे तोंड पडद्यापासून दूर, वेगळ्या दाबाच्या पाण्यात होते. ते पडद्यालगत आणताच दोष गेला.

१९५५ च्या 'मिस्त्राल' या नमुन्यात दाब उतरवणारी एकच झडप होती. हवेचा झोत नळीत सोडून ती श्वास हलका करी. १९५८ च्या 'अ‍ॅक्वा-मास्टर'मध्ये दाब दोन टप्प्यांत उतरे. डबी पाठीवर असल्याने पालथे पोहताना मात्र श्वास जड लागे. कारण पडदा फुफ्फुसांहून उंच, म्हणजे कमी दाबाच्या पाण्यात राही. बुडबुडे डोक्यामागे सुटत, हे छायाचित्रकारांना सोयीचे होते.

मेलबर्नच्या टेड एल्ड्रेड यांनी १९५० च्या दशकारंभी दुसरा टप्पा तोंडाशीच आणला आणि एकनळी रेग्युलेटर रूढ झाला. मालवण-तारकर्लीच्या समुद्रात पर्यटक आज तोच वापरतात. पडदा आणि तरफेचे तत्त्व मात्र जुनेच आहे.