पालवणकर बंधूंची ईर्ष्या

१९३७ सालच्या प्रांतिक निवडणुकींत भायखळा-परळ मतदारसंघांतून डॉ. बाबासाहेब आंबेडकर १३,२४५ मतें मिळवून निवडून आले. त्यांच्याविरुद्ध काँग्रेसतर्फें उभे राहून ११,२२५ मतें मिळविणारे गृहस्थ मुरलेले राजकारणी नव्हते. एके काळीं हिंदु संघाचे नामांकित डावखुरे गोलंदाज असलेले पालवणकर बाळू ते हेच. त्यांच्या पाठीशीं पक्षाचें बळ होतें हें खरें. तथापि गिरण्यांच्या या वस्तींत एका क्रिकेटपटूच्या नांवास एवढें वजन यावें, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

बाळूंचा जन्म १८७६ सालीं धारवाड येथें चांभार कुटुंबांत झाला. पुण्यास ते प्रथम पारशी क्लबाची खेळपट्टी राखीत, त्याबद्दल महिना ३ रुपये मिळत. पुढें पूना जिमखान्यांत ४ रुपये मिळूं लागले. तेथें गोऱ्या फलंदाजांस, विशेषतः ग्रेग यांस, सरावासाठीं चेंडू टाकण्याचें काम त्यांच्याकडे आलें. आपणास बाद केल्यास दर खेपेस आठ आणे देण्याचें ग्रेग यांनीं कबूल केलें होतें, असें सांगतात. परंतु केवळ आठ आण्यांच्या आशेनें कोणी वर्षानुवर्षें घाम गाळीत नाहीं. टाकलेल्या चेंडूचें फळ तत्क्षणीं दिसावें, आणि कालच्यापेक्षां आजचा चेंडू सरस पडला हें आपलें आपणास उमगावें, यांतच तरुण मनास खरी गोडी असते.

आधुनिक मानसशास्त्र खेळाडूंचीं ध्येयें दोन प्रकारचीं मानतें: स्वतःच्या कौशल्याची वाढ हें एक, आणि दुसऱ्यावर मात करणें हें दुसरें. यांपैकीं कोणतें बळावेल हें शिक्षक, घर व सवंगडी यांवर पुष्कळ अवलंबून असतें. बाळूंस मैदानावर हिंदु संघाचा आधार म्हणत, आणि चहाच्या वेळीं मात्र बाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यांत चहा देत! दुसऱ्यांनीं दिलेला मान हेंच ज्याचें सर्वस्व, त्याचें मन अशा वेळीं खचून जातें. बाळूंचें खचलें नाहीं. १९०६ सालीं हिंदूंनीं युरोपियनांस १०९ धावांनीं हरविलें, त्यांत त्यांच्या गोलंदाजीचा मोठा वांटा होता. १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यांत त्यांनीं ११४ बळी घेतले.

तरीही मानाची अपेक्षा ही क्षुद्र गोष्ट नव्हे. कर्णधारपद बाळूंस कधींच लाभलें नाहीं. १९२० सालीं त्यांच्या बंधूंनीं, शिवराम व विठ्ठल यांनीं, या अन्यायाच्या निषेधार्थ संघांतून अंग काढून घेतलें. १९२३ सालीं विठ्ठल कर्णधार झाले. थोरल्या भावाचें कर्तृत्व धाकट्यांच्या डोळ्यांसमोर होतें. ‘आपल्यालाही हें साधेल’ हा विश्वास उपदेशानें नव्हे, अशा उदाहरणानें येतो.

विपत्तीनेंच माणूस घडतो, असें या चरित्रावरून कोणी म्हणेल, तर तें मला मान्य नाहीं. बाळू घडले ते अपमानामुळें नव्हे, तर हातीं आलेल्या चेंडूमुळें. तोच चेंडू ज्यांच्या हातीं कधीं पडला नाहीं, अशा मुलांचीं नांवें इतिहासास ठाऊक नाहींत.