भाकरीचा न्याय : डॉ. कोलुथूर गोपालन

सर रॉबर्ट मॅकॅरिसन यांनी १९१८ साली निलगिरीतील कुन्नूर येथे ज्या पोषणसंशोधनाचा पाया घातला, ते १९५८ मध्ये हैदराबादेत स्थलांतरित झाले. पुढील दशकात त्याची धुरा डॉ. कोलुथूर गोपालन (१९१८–२०१९) यांनी वाहिली. १९६९ मध्ये ती प्रयोगशाळा 'राष्ट्रीय पोषण संस्था' झाली.

त्या काळी जागतिक तज्ज्ञ बालकुपोषणाचे मूळ प्रथिनांच्या अभावात शोधीत व महागड्या प्रथिनपूरकांचा पुरस्कार करीत. गोपालन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, गरिबांच्या मुलांना मुळात पोटभर अन्नच मिळत नाही. नेहमीचे धान्य व डाळ पुरेशी मिळाल्यास प्रथिनांची गरजही बहुतांशी भागते. निष्कर्ष साधा होता. परंतु त्याने उपाय कारखान्याच्या डब्यातून काढून गरिबाच्या चुलीपाशी आणला. ज्वारीवर जगणाऱ्या दख्खनी मजुरांना जडणाऱ्या पेलाग्रा रोगाचाही त्यांनी कसून अभ्यास केला. बालकांचे अंधत्व टाळण्यासाठी १९७० साली सुरू झालेल्या 'अ' जीवनसत्त्वाच्या राष्ट्रीय योजनेमागे याच संस्थेचे संशोधन होते.

१९८० मध्ये त्यांनी भारतीय पोषण प्रतिष्ठान स्थापिले. कुपोषण हे दैव नसून विषमतेचे फळ आहे, हाच त्यांच्या कार्याचा बोध होय.