चांदनीचं यंत्र आणि अडलेलं बूट

1994 साली कोलकात्याची मेट्रो एस्प्लनेडहून एक स्थानक पुढे, चांदनी चौकापर्यंत सरकली. त्याच वर्षी मार्चमध्ये लिनक्स कर्नलची 1.0 आवृत्ती बाहेर पडली. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण त्यानंतरच्या दहा वर्षांत आपल्याकडे ज्यांनी हौसेने स्वतःचा कर्नल कंपाइल केला, त्यांचं यंत्र बहुधा चांदनीसारख्या सुट्या भागांच्या बाजारातलं असे: मदरबोर्ड एका गाळ्यातला, हार्डडिस्क दुसऱ्यातली, रॅम जिथे स्वस्त मिळेल तिथली. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड, एस्प्लनेडच्या आसपासच्यांना चांदनी. तयार यंत्रात भागांचं एकमेकांशी जमतं की नाही, हे कंपनी पाहते; असेंबल्ड यंत्रात ती जोखीम गिऱ्हाइकाची. म्हणूनच मला वाटतं, नवा कर्नल बूट न होण्याचा इतिहास हा मुख्यतः सांध्यांचा इतिहास आहे, कर्नलमधल्या चुकांचा फार कमी.

लिलो या जुन्या बूटलोडरचंच पाहा. आपल्या नावाची चार अक्षरं तो एकेक करून पडद्यावर उमटवी, आणि जिथे अडे तिथपर्यंतचीच दिसत. ‘एल’ आलं म्हणजे पहिला टप्पा चढला. ‘एलआय’वर गाडी थांबली तर दुसरा टप्पा डिस्कवरून उचलला, पण चालवता आला नाही; कारण बहुधा डिस्कची रचना बायोस एक सांगतंय आणि लिलो दुसरी धरून बसलाय. लिलोला फाइलचं नाव कळत नसे, डिस्कवरची जागा तेवढी कळे. नवा कर्नल जुन्यावर कॉपी केला आणि लिलो पुन्हा चालवायचं राहिलं, की नोंद जुन्या जागेची आणि कर्नल भलतीकडे. त्यात जुन्या बायोसला 1024 सिलिंडरपलीकडचं वाचता येत नसे. डिस्क मोठी असली तर तोच कर्नल आज बूट होई आणि उद्या सीमेपलीकडे लिहिला गेला की अडे. कोडची एक ओळही बदललेली नसताना!

यावर कोणी म्हणेल, चूक वापरणाऱ्याचीच; मेन्यूत नको ते खोडलं, हवं ते राहिलं. हे बरंचसं खरं आहे. एएमडी के6 वर पेंटियम प्रोसाठी बांधलेला कर्नल चालणार नाही, हा दोष निवडणाऱ्याचाच. पण डिसेंबर 2003 मध्ये 2.6 आला, तेव्हा 2.4ची नीट चालणारी कॉन्फिग फाइल तशीच पुढे नेणाऱ्यांचेही पडदे काळे पडले. ‘बूटिंग द कर्नल’ एवढं दिसे आणि पुढे सामसूम. डिस्कचा दिवा मात्र लुकलुकत राही. यंत्र सुरू झालेलं असे, कन्सोलचे पर्याय तेवढे नव्या मेन्यूत बंद राहिलेले. पुढे जुन्या आयडीई डिस्का नव्या ड्रायव्हरखाली गेल्या आणि ‘एचडीए’ची ‘एसडीए’ झाली. कर्नल शाबूत, डिस्क शाबूत, तरी रूट फाइलसिस्टिम सापडत नाही म्हणून पॅनिक. यात वापरणाऱ्याने काय चुकवलं?

मॉड्यूलमुळे हा प्रश्न मिटला, असाही एक युक्तिवाद असतो. पण डिस्कचा ड्रायव्हरच मॉड्यूल असेल आणि ते मॉड्यूल त्याच डिस्कवर असेल, तर ते वाचायचं कशाने? इनिटआरडी आली ती या पेचावर: बूटलोडरने कर्नलसोबत एक छोटी फाइलसिस्टिमही रॅममध्ये चढवायची आणि गरजेचे ड्रायव्हर तिच्यातून घ्यायचे. म्हणजे सांधा नाहीसा झाला नाही, आणखी एक वाढला. नवा कर्नल बांधून त्याची इनिटआरडी न बनवणारे आजही त्याच पॅनिकवर येऊन थांबतात.

दुरुस्तीची रीतही त्यामुळे दुकानदाराचीच ठरली: एका वेळी एकच भाग बदलायचा आणि चालणारा जुना हाताशी ठेवायचा. लिलोच्या यादीत जुन्या कर्नलची नोंद राखून ठेवा, हा सल्ला त्यातूनच आला. ग्रबने जागेऐवजी फाइलचं नाव वाचायला सुरुवात केली, डिस्कची ओळख यूयूआयडीवर गेली, आणि ते दोन सांधे पक्के झाले. सिक्युअर बूटने मात्र नवा उघडला आहे: घरी बांधलेल्या, सही नसलेल्या कर्नलला आता पहिली ओळ छापायच्या आधीच दारातून परत पाठवलं जातं.