नाकाच्या पुनर्रचनेनंतर : काय चालेल, कशाला घाबरायचे?



“आपल्या सावळ्या रंगाला कुठला स्किन कॅन्सर?” असे आपल्यात सर्रास म्हटले जाते. गोऱ्यांपेक्षा प्रमाण कमी असले तरी तो आपल्यालाही होतो. आपल्या त्वचेवर बेसल सेल कार्सिनोमा बरेचदा काळ्या तिळासारखा दिसतो, म्हणून निदान लांबते. नाक ही त्याची नेहमीची जागा. इथे अमेरिकेत तो बहुधा मोज पद्धतीने, एकेक थर सूक्ष्मदर्शकाखाली तपासत काढतात. मग उरलेला खड्डा भरावा लागतो.

नाक कसे घडवतात?
लहान जखमेवर कानाजवळची त्वचा लावतात (ग्राफ्ट). मोठ्या जखमेसाठी कपाळाची त्वचा रक्तवाहिनीसकट वळवून नाकावर बसवतात (फ्लॅप). जोडणारी पट्टी साधारण ३ आठवड्यांनी कापतात. तोवर ती सोंडेसारखी दिसते. घरातल्या मुलांना आधीच सांगून ठेवावे.

ही पद्धत जगाला कळली ती पुण्यामुळे. टिपूविरुद्धच्या १७९२ च्या युद्धानंतर कावसजी नावाच्या गाडीवानाचे कापलेले नाक तिथल्या एका कारागिराने असेच घडवले. १७९४ साली लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ते वृत्त छापून आले.

सहसा अपेक्षित
सूज, डोळ्यांखाली काळेनिळे, पहिल्या एक-दोन दिवसांत थोडे रक्त पाझरणे, कपाळ बधिर वाटणे. ग्राफ्ट सुरुवातीला जांभळट दिसू शकतो. त्यावरची खपली ओढू नये.

त्याच दिवशी फोन करा
- दाब देऊनही रक्त थांबत नाही, किंवा त्वचेखाली रक्त साठून एकदम फुगवटा येतो.
- फ्लॅप पांढरा व थंड, किंवा गडद निळा-काळा पडतो. रक्तपुरवठा तुटल्यास त्वचा मरते. सावळ्या रंगावर हा फरक चटकन कळत नाही, म्हणून रोज एकाच उजेडात फोटो काढावा.
- ताप, पू, दुर्गंधी किंवा वाढत जाणारे दुखणे.

काही आठवड्यांनी-महिन्यांनी
फ्लॅप उशीसारखा फुगणे, व्रण जाड किंवा काळा होणे, नाकपुडीची कड वर ओढली जाणे, श्वास अडणे, कपाळाच्या त्वचेसोबत आलेले केस नाकावर उगवणे. मालिश, स्टेरॉइडचे इंजेक्शन, लेझर किंवा छोटी दुरुस्ती असे उपाय आहेत. श्वास अडत असेल तर “वयामुळे असेल” म्हणून सोडून देऊ नये.

आपल्या घरांसाठी
- सिगारेट, तंबाखू, मिश्री बंद. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात.
- रक्त पातळ करणारी गोळी स्वतःहून थांबवू नये. आयुर्वेदिक औषधेही सर्जनला सांगावीत.
- जखमेवर हळद, तूप, लेप काही नको.
- चष्मा फ्लॅपवर टेकू देऊ नये.
- इंग्रजीची अडचण असलेल्या आई-वडिलांसाठी दुभाषा मागावा. रुग्णालये तो सहसा विनामूल्य देतात.

जखम भरली तरी कर्करोगाची तपासणी आणि सनस्क्रीन चालूच ठेवावे. ही माहिती सर्वसाधारण आहे. आपल्या सर्जनचा सल्ला अंतिम मानावा.