नवरा माझा नवसाचा २

मराठी विनोदी चित्रपट. दिग्दर्शक सचिन पिळगांवकर. प्रदर्शन २० सप्टेंबर २०२४. सुमारे दोन दशकांपूर्वीच्या ‘नवरा माझा नवसाचा’ या चित्रपटाचा हा उत्तरभाग. पहिल्या भागात एक जोडपे नवस फेडण्यासाठी एसटीने गणपतीपुळ्याला निघते. दुसऱ्या भागातली वाट कोकण रेल्वेची आहे. सचिन आणि सुप्रिया पिळगांवकर आता मुलगी-जावई असलेल्या वयात पोचले आहेत. मुलीच्या भूमिकेत हेमल इंगळे, जावई स्वप्नील जोशी.

या उत्तरभागाचे खरे मर्म अशोक सराफ यांच्या पात्रात आहे. एसटीतला कंडक्टर इथे रेल्वेचा टीसी होतो. खांद्यावरची चामडी पिशवी आणि तिकिटे पंच करणारा चिमटा जाऊन काळा कोट येतो. प्रवाशांशी हुज्जत मात्र सुटत नाही. नोकरीत चाकोरी बदलली तरी माणूस तोच राहतो, हे सराफ नुसत्या नजरेने दाखवतात. चाकरमान्याचे हे जग त्यांना परके नव्हते. अभिनयाला पूर्ण वेळ देण्यापूर्वी त्यांनी स्टेट बँकेत नोकरी केली होती.

नोकरी बदललेल्या जुन्या पात्रांचा असाच उत्तरभाग म्हणजे अमेरिकी दिग्दर्शक केविन स्मिथ यांचा ‘क्लार्क्स २’ (२००६). १९९४च्या पहिल्या चित्रपटातले दुकानातले दोन नोकर त्यात तिशी ओलांडून बर्गरच्या हॉटेलात राबताना दिसतात. तिथे कंटाळा केंद्रस्थानी आहे, इथे नवस आणि नाती. माझ्या मते मराठी चित्रपटाची ऊब त्यातूनच येते.

चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा सराफ ७७ वर्षांचे होते.