मुलांचे डोळे आणि अ जीवनसत्त्व

श्रोतेहो, दिवेलागणीला एखादे मूल उंबऱ्याला अडखळते, ताटातली भाकरी चाचपडून शोधते. घरची माणसे म्हणतात, "रातांधळे आहे, नशीब त्याचे!" पण हा नशिबाचा भोग नव्हे. पुष्कळदा ही अ जीवनसत्त्वाची उणीव असते. ती भरून निघाली नाही, तर बुबुळ कोरडे पडते आणि दृष्टी कायमची जाते.

लोण्यात व अंड्याच्या बलकात हे सत्त्व आहे, हे अमेरिकेत १९१३ साली उमगले. त्यानंतर पहिल्या महायुद्धात डेन्मार्कचे लोणी परदेशी विकले जात होते, आणि त्या दूधदुभत्याच्या देशातच गरिबांच्या मुलांचे डोळे बिघडले. डॉ. ब्लॉक यांनी सायीचे दूध व कॉड माशाचे तेल दिले, तशी मुले बरी झाली.

आपल्याकडचे काम हैदराबादच्या पोषण संस्थेने केले. ही संस्था १९५८ साली कुन्नूरहून तेथे आली. हे सत्त्व चरबीत विरघळते आणि यकृतात साठून राहते. म्हणजे एक मोठी मात्रा कित्येक महिने पुरते! डॉ. सी. गोपालन यांच्या काळात संस्थेने हाच धागा धरला. १९७० साली सरकारने १ ते ५ वर्षांच्या मुलांना दर सहा महिन्यांनी २ लाख युनिटे पाजण्याची योजना सुरू केली. १९७५ साली अंगणवाडी योजना आली. महाराष्ट्रातल्या तिच्या पहिल्या प्रकल्पांत मुंबईची धारावी होती. झोपडपट्टीत परसू नाही, शेवग्याचे झाड नाही. भाजीची जुडीही विकतच घ्यायची. तेथे या चमच्याचे मोल मोठे.

आता पहिली मात्रा नवव्या महिन्यानंतर गोवराच्या लसीबरोबर मिळते, आणि पाच वर्षांपर्यंत एकूण ९ मात्रा होतात. पण दर सहा महिन्यांनी मूल जागेवर सापडले पाहिजे ना! आपल्या बीड जिल्ह्यात खरी अडचण हीच. दसरा-दिवाळी झाली की कोयता उसाच्या फडाकडे निघतो, लेकरेही टोळीबरोबर जातात. शहरात मजुरीला जाणाऱ्यांचे तेच. गावची नोंदवही गावातच राहते आणि मूल कोपीवर.

म्हणून आईबापांनी लसीचे कार्ड कपड्यांच्या बोचक्यात पहिले ठेवावे आणि जेथे उतरावे तेथल्या आरोग्यसेविकेला ते दाखवावे. चुकलेली मात्रा दुप्पट करून मात्र कधी पाजू नये. जास्तीने अपायच होतो. गुरुजी, बाई, शाळेतल्या मुलांना त्यांच्या धाकट्या भावंडांविषयी विचारत चला. आणि शेवग्याचा पाला, भोपळा, पपई यांना विसरू नका. चमचा वर्षातून दोनदा. ताट मात्र रोजचे आहे.